क्षच्या पायाशी

कुणी नुसता आकडा सांगितला, की कमलताई लिहायच्या थांबत आणि विचारत, "कोनाचा?" उत्तर मिळेपर्यंत त्यांचं पेन पुढे सरकत नसे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी वर्ध्याला मुलांच्या वजनाच्या पाहणीत कामाला लागले. कमलताई माझ्या वरिष्ठ. सिंदी मेघ्याहून सायकलने येत. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं, की वजनाला क्ष म्हणायचं आणि क्षच्या पायाशी बारीक अक्षरात मुलाचा यादीतला क्रमांक लिहायचा. क्ष₇ म्हणजे सातव्या मुलाचं वजन. "हा खालचा आकडा पोराचा पत्ता हाय. तो पुसला का पोरगं हरवलं."

मी बी.एस्सी. झालेली, मला ते शिकवणं पोरकट वाटलं. हिंगणीजवळच्या एका वस्तीत मी एकटीच जाऊन दोन वर्षांच्या बेचाळीस मुलांची वजनं घेतली. मग ती सुबक अक्षरात कमीपासून जास्तीपर्यंत लावली, नवे क्रमांक घातले आणि कच्चा कागद फाडून टाकला. माझ्या यादीत क्ष₁ होतं पाच किलो. कमलताईंनी नावांची यादी उघडली. पहिलं नाव पोलीस पाटलांच्या नातवाचं; तो गुबगुबीत आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"मंग हे पाच किलोचं पोरगं कोनतं?"

बेचाळीस चेहऱ्यांतला एकही मला आठवेना.

त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही निघालो. वजनकाटा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. लोक वैतागले, परवाच तर मोजलं म्हणाले. चूक आमची आहे, असं त्या प्रत्येक दारात सांगत होत्या. ऊन चढलं तसं मी त्यांना उरलेली घरं उद्या करू म्हणाले.

"त्या लेकराजोळ उद्या हाय का नाई, मले मालूम नाई," म्हणून त्या चालत राहिल्या.

नाल्यापलीकडच्या एका गोंड कुटुंबात ती सापडली. यादीतली एकतिसावी, सोमी. डोळे उघडे, पण रडायचंही त्राण नव्हतं. तिला आणि तिच्या आईला घेऊन आम्ही संध्याकाळच्या आत वर्ध्याचा दवाखाना गाठला. ती महिनाभर तिथे होती. दुसऱ्या फेरीचं कारण वरून विचारलं गेलं, तेव्हा कमलताईंनी लिहिलं, 'यादी मी तपासली नाही.' माझं नाव कुठेच नव्हतं.

सोमी घरी परतल्यावर आम्ही पुन्हा वस्तीवर गेलो. काट्याच्या झोळीत बसवल्याबरोबर तिने माझं बोट घट्ट धरलं. माझे डोळे भरून आले. कमलताई वही उघडून उभ्या होत्या.

"बोट सोडव," त्या म्हणाल्या, "नाई तं वजन खोटं येईन."