चाळीस मिनिटांची जागा

आमचे हे रस्त्याने चालताना समोर बघत नाहीत, खाली बघतात. काही पडलंय का म्हणून नाही हो. खालून केबल कुठून गेलीय ते त्यांना आठवत असतं.

चौतीस वर्षं वीज कंपनीत काढली. भांडुपपासून मुलुंडपर्यंत कुठल्या फुटपाथखाली काय आहे ते धोंडू परब नकाशा न बघता सांगतात, असं तिकडचे लोक अजून म्हणतात. रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, आता घरात दिवसभर माझ्या पायात पायात येणार. तर सहा महिन्यांत एका नव्या कंपनीने बोलावून घेतलं. इलेक्ट्रिक गाड्या झटपट चार्ज करायची स्टेशनं कुठे टाकायची, त्या जागा शोधायचं काम. तिथला साहेब अनय, वयाने आमच्या मुलीपेक्षा लहान. तो लॅपटॉपवर रंगीत ठिपके दाखवतो आणि हे त्या ठिपक्यावर जाऊन बसतात. खरंच बसतात. घडीचं स्टूल, चहाचा थर्मास, आणि चाळीस मिनिटं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा.

"जागा गाडीसाठी बघताय की स्वतःसाठी?" मी एकदा विचारलं.

"नलिनी, गाडीला काय, वायर लावली की झालं. ती चार्ज होईपर्यंत माणसाने चाळीस मिनिटं करायचं काय?"

मग माझी शाळा घेतली. गाडी रस्त्यावरून सहज डावीकडे आत वळली पाहिजे, लांब जाऊन यू-टर्न मारायचा असेल तर कोणी येत नाही. सबस्टेशन जवळ पाहिजे, नाहीतर रस्ता खोदायच्या परवानग्यांत वर्ष जातं. पावसात पाणी तुंबायला नको. आणि संडास. संडास नसेल तर बाईमाणूस एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही, हे अनयला तीनदा सांगितलं तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. कांजूरमार्गची एक जागा सगळ्या बाबतीत चांगली होती, पण संध्याकाळी वारा फिरला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास. ह्यांनी नाकाला रुमाल लावून चाळीस मिनिटं पुरी केली आणि मग फुली मारली. असा हा माणूस.

आता खरं दुखणं सांगते. निधी आमची एकुलती. लग्न होऊन नाशिकला गेली त्याला चार वर्षं झाली. जावई मिहिर चांगला आहे, तक्रार नाही. छोटी गार्गी दोन वर्षांची आहे. निधी दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी अंधेरीच्या ऑफिसात मीटिंगला येते, एकटी, स्वतःची इलेक्ट्रिक गाडी चालवत. येताना आमच्या मुलुंडवरून जाते, परतताना मुलुंडवरून जाते. आमच्या बिल्डिंगपासून हायवे इतका जवळ की रिक्षावाला यायला नाही म्हणतो. आणि पोरगी घरी येत नाही.

"आई, अंधेरीत मॉलच्या बेसमेंटमध्ये चार्जिंगलाच पाऊण तास जातो गं. सातच्या आत पोचले नाही तर पाळणाघरवाली चिडते."

म्हणजे माझ्या मुलीचा पाऊण तास दर महिन्याला मॉलच्या बेसमेंटला मिळतो. मला मिळतं काय, तर "ठेवते आई, आवाज तुटतोय."

मी चिडते. हे चिडत नाहीत, ते आणखी वाईट. त्या गुरुवारी दुपारी हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. तिथून हायवे दिसतो. पांढऱ्या गाड्या काय कमी असतात? एकदा म्हणाले, "ती बघ, आपली." मी म्हटलं, आधी चष्मा पुसा. पण मीही बघत होते, खोटं कशाला बोलू. मुलगी इतक्या जवळून जाते आणि आपण तिच्या गाडीचा टप शोधत उभं राहायचं, ह्याच्यासारखं वाईट काही नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चंद्रप्रकाशभाईंची लाकडाची वखार होती. ती बंद पडली, जागा रिकामी झाली. एक दिवस भाजी घेऊन येताना बघते तर हे त्या जागेत स्टूल टाकून बसलेले. मला काय ते लगेच कळलं.

"ही निधीसाठी ना?"

ह्यांनी थर्मासचं झाकण लावलं. मग गावच्या बोलीत म्हणाले, "जागा बरी आसा गो. माझ्याच मनात खोट आसा."

मनात खोट, म्हणून दुसरीकडे तीन वेळा बसतात ते इथे आठ दिवस बसले. काहीतरी खोड सापडेल म्हणून बसले. सापडली नाही. हायवेवरून उतरलं की सरळ डावीकडे. सबस्टेशन मागच्याच गल्लीत. पाणी तुंबत नाही. कोपऱ्यावर शकूचं चहा-पोह्याचं दुकान, बाजूला नवं सार्वजनिक शौचालय, तेही धुतलेलं. चंद्रप्रकाशभाई भाड्याने द्यायला तयार. अनय येऊन बघून गेला आणि खूश झाला.

मी मनातल्या मनात हिशोब लावला. पाऊण तास. त्यात जेवण होईल. जेवून दहा मिनिटं ती आडवी पडेल, मी तिच्या केसांना तेल लावीन.

मग एक दिवस जेवताना ह्यांचा हात भातातच थांबला.

"अनय विचारतोय, इथे विजेचा लोड किती मिळेल."

"मग?"

"लोड भरपूर असेल तर मोठी मशीन लावणार. वीस मिनिटांत गाडी चार्ज. लोड कमी असेल तर छोटी. तिला पाऊण तास लागतो."

"आणि आहे किती?"

"भरपूर."

मी पळी खाली ठेवली. "मग कमी आहे म्हणून सांगा."

"तो आकडा माझ्या सहीने जातो, नलिनी."

"जाऊ दे की. आयुष्यात एकदा."

ह्यांनी भातावर सोलकढी ओतली आणि मान खाली घालून जेवले. दुसऱ्या दिवशी जाऊन खरा आकडा लिहून आले. मी दोन दिवस "वाढलंय" सोडून एक शब्द बोलले नाही.

सहा महिन्यांनी स्टेशन सुरू झालं. मी निधीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "झकास! बाबांना सांग, ह्या गुरुवारी घरीच जेवते." मी सकाळपासून लागले. आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांचं सांबारं. दोन वाजून दहा मिनिटांनी तिने खाली गाडीला वायर लावली आणि तीन जिने चढून धापा टाकत वर आली. आमच्याकडे लिफ्ट नाही. बारीक झालीय. डोळ्यांखाली काळं आलंय. विचारावं म्हटलं, तर पहिल्या आंबोळीलाच तिचा फोन वाजला, गाडीचा मेसेज.

"साठ टक्के झाली. काय मशीन आणलीत यार, बाबा."

हे कसंनुसं हसले. गार्गी काय बोलायला लागली ते तिने सांगितलं, अर्धंच. दुसरी आंबोळी ताटात पडली आणि फोन पुन्हा वाजला. गाडी झाली होती आणि मागे दुसरा कोणी वायरसाठी थांबला होता. निधी उठेना. बापाकडे बघत राहिली. ह्यांनी एक शब्द टाकला असता ना, तर थांबली असती.

"काढ बाय गाडी," हे म्हणाले. "मागचो थांबलो हा."

मी आंबोळ्या डब्यात भरून दिल्या. सगळी मिळून बावीस मिनिटं, त्यातली सहा जिन्यात.

ती गेल्यावर मी तोंड सोडलं. पाऊण तास हातात होता, तो सही करून घालवलात, आणि वर पोरीला ताटावरून उठवलीत. हे गॅलरीत पाठ करून उभे. उलट बोलतील म्हणून पुढे जाऊन बघितलं तर रडत होते. चौतीस वर्षं विजेत काढलेल्या ह्या माणसाला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. माझा राग जागच्या जागी गेला.

संध्याकाळी निधीचा फोन आला. "पोचले गं." मी नेहमीसारखं बरं म्हणून ठेवणार, एवढ्यात ह्यांनी हात पुढे केला. हे फोनवर कधी बोलत नाहीत. "पोचली ना? बस," एवढंच मला विचारतात.

फोन कानाला लावून हे म्हणाले, "निधी, गाडी फुल असली तरी ये."

पलीकडे तिने नाक ओढल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं.

"येईन बाबा. गार्गीला घेऊन येईन, राहीनसुद्धा. पण गाडी कुठे लावू? आपल्या गल्लीत जागा कुठे असते?"

अर्ध्या मुंबईच्या गाड्यांना हे जागा शोधत फिरले. आमच्या पोरीची गाडी नुसती उभी राहील, तिला हवं तेवढा वेळ, अशी जागा ह्यांनी कधी बघितलीच नव्हती.

"बघून सांगतो," म्हणाले. फोन माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि खाली गेले.