आतल्या बाजूचं टेंगूळ

काडेपेटी उघडली तर आत आमच्या चेडवाचा, लेकीचा, दुधाचा दात! म्हणजे कौलांवर गेलं ते दुसऱ्या पेटीतलं.

"गो, काय टाकलंस वर?"

"आये, पेटी तूच दिलंस मगे! उंदीरमामाक दात दिलंय, नवो मागलंय."

मीच दिली होती. खिडकीत दोन पेट्या, एक हिच्या पडलेल्या दाताची, दुसरी माझ्या चुलत दिरांची. ते कॉलेजात शिकवायचे. लांबच्या डोंगरातल्या दगडातून त्यांनी मुगाएवढी दाढ काढलेली, लाखो वर्षांमागच्या उंदराची. ती जात आता जगात नाही. आमच्या तारकर्लीच्या उंदरांच्या दाढांशी ताडून बघायला सुट्टीत घेऊन आलेले.

आदल्या दिवशी मला भिंगातून दाखवली. बाई गं, केवढी मजा! दाढेवर टेंगळांच्या दोन रांगा, शेजारी शेजारी.

"वहिनी, आपल्या उंदराला आतल्या बाजूला तिसरी रांग असते. हिच्यात तिथे एक जरी टेंगूळ निघालं तर हा आपल्या उंदरांच्या घराण्यातला. नाही तर घराणंच वेगळं. उद्या माती काढून बघतो."

आज सकाळी ते आंघोळीला गेले नि मला राहवेना. पुन्हा भिंग धरलं. होतं! आतल्या बाजूला, मातीतून डोकं काढलेलं, एवढुसं!

आणि आता? सासूबाई पुढच्या अंगणात, खळ्यात बसून हसत होत्या. "उंदराचो दात उंदराक मेळलो, रडतंस कित्याक?"

शिडी लावली, कौलं चाचपली. काही नाही. मग खालचं खळं झाडून धूळ सुपात घेतली, पाखडली. खडे, खडे, आणि ती! काळपट, चकचकीत! मी नाचलेच. भिंगाखाली धरली. आतला कोपराच उडालेला.

भावोजींना रडत रडत सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तिथे काही होतं?"

"होतं. मी बघितलं."

"टेंगूळ, की मातीचा कण?"

वही उघडून पेन्सिल धरली त्यांनी. मी म्हणेन ते लिहिणार! मी तिसरी शिकलेली, बघितलं एकदाच, तेही चोरून. हो म्हणावं आणि चुकलं तर? नाही म्हणावं, तर माझ्याशिवाय ते जगात कुणीच बघितलं नव्हतं!

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?