टीचरांची कोरियन कोंबडी

स्वतः कधीही न चाखलेला पदार्थ अगदी मुळाबरहुकूम करण्याचा हट्ट धरून बसलेलं माणूस साऱ्या सिंधुदुर्गात एकच आहे, आणि ते माझ्या शेजारी राहतं. वाडीतले सगळे त्यांना टीचर म्हणतात. त्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, मलाही शिकवलं, आणि त्यातलं माझ्या डोक्यात फारसं काही राहिलं नसलं तरी आजही त्यांच्या अंगणात पाऊल टाकताना माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. टीचर वर्गात शुद्ध मराठी बोलत आणि घरी मालवणी. निवृत्त झाल्यावर उरलेल्या शुद्ध मराठीचं करायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला असावा. ती त्यांनी कोंबड्यांना दिली. "रांगेत या. मागच्यांनी ढकलू नये," असं त्या कण्या टाकताना सांगतात, आणि कोंबड्या ऐकतात, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. चर्चमध्ये फादरचं प्रवचन लांबलं की त्या मनगटावरच्या घड्याळाकडे नुसतं बघतात आणि प्रवचन आटोपतं. त्यांचे यजमान फार लवकर गेले. एकुलता एक मुलगा होता. त्याला आम्ही सगळे बाब म्हणायचो.

बाब मालवाहू बोटीवर नोकरीला होता. दर खेपेला निघताना टीचर भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं कोरडं वाटप एका पत्र्याच्या डब्यात घट्ट दाबून त्याच्या पेटीत ठेवत. आमच्याकडे बोटीवर जाणाऱ्या मुलाबरोबर कपडे कमी गेले तरी चालतात, वाटप जावंच लागतं. शेवटच्या खेपेला त्याच्या बोटीवर एक कोरियन कुक होता आणि त्याच्या हातच्या एका कोंबडीवर बाब खूश होता. कुठल्याशा बंदरातून फोन करून त्यानं आईला ती सगळी समजावून सांगितली. सोया सॉस, बटाटे, गाजर, अख्ख्या लाल मिरच्या, लसूण, थोडी साखर, आणि रताळ्याच्या शेवया. मंद आचेवर रस आटेपर्यंत शिजवायची. "मांय, घराक इलंय काय तुका करून घालतंय. फक्त हेच्यात खोबरा घालूचा नाय हां. खोबरा घातला काय सगळा बिघाडला." तो घरी आला नाही. बोटीवरच छातीत कळ आली आणि बंदर गाठायच्या आत सगळं संपलं. त्याला आणून आम्ही चर्चच्या मागे मातीआड केलं, आणि मागाहून त्याची पेटी आली. पेटीत तो डबा होता, रिकामा, घासून पुसलेला. खोबरं खवट झालं म्हणून टाकलं असेल, एवढंच टीचर म्हणाल्या आणि तो डबा त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला.

बाबच्या पुढच्या वाढदिवशी त्यांनी मला हाक मारली. "तो माका करून घालणार होतो. आता मीच करतंय. बाबान खाल्ली तशीच होऊक होयी." तेव्हापासून दर वाढदिवशी हा यज्ञ चालतो. सोया सॉस मिळायला अडचण नव्हती, बंदराकडच्या चायनीज गाडीवाल्यानं बाटली आणून दिली. अडलं ते रताळ्याच्या शेवयांवर. टीचरांनी रताळी उकडली, तांदळाच्या पिठात मळली आणि शिरवाळ्यांचा लाकडी साचा माळ्यावरून उतरवला. नारळाच्या रसात बुडवून खायच्या आमच्या त्या तांदळाच्या शेवया ज्यांनी पाडल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, की साच्याच्या दांड्याला एक धडधाकट माणूस लोंबकळवावा लागतो. तो मान माझा. पहिल्या वर्षी मी जीव खाऊन लोंबकळलो आणि खालून शेवयांऐवजी गोळे पडले. "तुझा गणितातसुदा असाच असायचा," टीचर म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी तांदळाचं पीठ वाढवलं आणि शेवया लांबसडक उतरल्या. माझ्या भाचीनं एकदा मोबाईलवर कुणी कोरियन बाई हीच कोंबडी रांधते आहे असा व्हिडिओ लावून समोर धरला, तर टीचरांनी चष्माच काढून ठेवला. "ह्या बायच्या हातचा बाबान कधी खाल्ल्यान?" हा प्रश्न असा होता की भाचीनं निमूट मोबाईल खिशात टाकला.

मग शेजाऱ्यांची पंगत बसते आणि परीक्षा सुरू होते, फरक इतकाच की या परीक्षेत टीचर परीक्षार्थी असतात. वाढदिवस सोमवारी आला तर मी कोंबडी खात नाही, म्हणून माझा वाटा मंगळवारपर्यंत झाकून ठेवतात, पण परीक्षा चुकत नाही. पहिला घास तोंडात गेला की विचारतात, "धापैकी किती?" एकदा मी चांगुलपणानं दहा म्हणालो. "कोरियन कुकाच्या हातचा खाल्लंस कधी? मगे धा कशे दिलंस?" मी पाच केले. "पाच कशे?" आमच्यापैकी कुणालाच ती कोंबडी मूळची कशी लागते ते माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो चर्चच्या मागे होता. तरी त्या दरवर्षी विचारत, आणि तोंडाकडे अशा बघत, जणू निकाल तिथेच लागणार आहे.

त्यातून त्यांच्या हातून दरवर्षी एक गुन्हा घडे. अंगणातल्या चुलीवर कोंबडी शिजत आली, रस आटून काळपट लाल झाला, की टीचर टोपात डोकावत आणि पुटपुटत, "नागडी दिसता रे कोंबडी." मग स्वयंपाकघरात जात आणि मूठ पाठीमागे लपवून परत येत. मी मुद्दाम माडाच्या शेंड्याकडे बघे. तेवढ्या वेळात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप टोपात पडलेलं असे. मुलानं एकच गोष्ट करू नको म्हणून सांगितलं होतं आणि नेमकी तीच त्या करत, पण हात थांबत नसे. एकदा त्यांनी चर्चमध्ये कन्फेशनला बसून हे सांगितलं. फादर म्हणाले, टीचर, हे पाप नव्हे. "फादर, तुमका जेवणातला कळना नाय," असं सांगून टीचर उठून आल्या. हेही मला त्यांनीच सांगितलं. हसून सांगितलं, पण मला काही हसू आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात वेंगुर्ल्याचा एक दाढीवाला माणूस घर विचारत आला. बाबबरोबर शेवटच्या खेपेला तो त्याच बोटीवर होता. बोटीची नोकरी आता त्यानं कायमची सोडली होती आणि बाबच्या आईला एकदा भेटायचं राहून गेलं होतं, ते करायला तो आला होता. टीचरांनी त्याला पाणी दिलं, आणि बाबबद्दल काही विचारण्याआधी विचारलं, "तू त्या कोरियन कुकाच्या हातची कोंबडी खाल्लंस?" तो म्हणाला, "किती वेळा." टीचर उठल्या आणि तडक कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेल्या. मला हाक आली. मी साच्याला लोंबकळलो. रांधताना टीचर कुणाशीच बोलल्या नाहीत, कोंबड्यांशीसुद्धा नाही. शेवटी टोप उकळायचा थांबला तेव्हा वाटपाची वाटी हातात उघडी धरून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "काय करू रे? आज परीक्षक इलो हा." जन्मभरात त्यांनी मला प्रथमच सल्ला विचारला असेल. मी म्हणालो, "टीचर, दरवर्षी करता तेच करा." त्यांनी डोळे मिटून वाटी उपडी केली.

पाहुण्यानं घास घेतला आणि चावता चावता थांबला. टीचर खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. "तशीच आसा?" त्यांनी विचारलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "नाय टीचर. कुकाची कोंबडी अशी नसायची. ती गोड लागायची." टीचर खाली बसल्या. मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. त्यानं आणखी एक घास घेतला, मग ताटातल्या रसातून बोट फिरवून चाटलं आणि म्हणाला, "पण ही चव माका म्हायत आसा. रविवारी कुकाक सुट्टी. मगे बाब रांधूक शिरायचो. कुकाचीच कोंबडी करायचो आणि शेवटाक तुमी दिलेल्या डब्यातला वाटप घालायचो. कुक कपाळार हात मारायचो. बाब तेका म्हणायचो, तेच्याशिवाय कोंबडी नागडी दिसता." त्यानं ताटाकडे बोट केलं. "टीचर, ही बाबाची कोंबडी. डबो संपलो त्या दिवशी मीच घासून ठेवलेलंय."

टीचर म्हणाल्या, "माका घालू नको म्हणान सांगल्यान, आणि सोता घालायचो? लबाड!" आणि त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून खूप रडल्या. आम्ही दोघे पुरुष खाली माना घालून जेवत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

यंदाच्या वाढदिवसाला मी नेहमीप्रमाणे लोंबकळलो. फळीवरचा डबा खाली उतरला होता, त्यात ताजं वाटप गच्च भरलेलं होतं. कोंबडी शिजत आली तेव्हा मी सवयीनं माडाकडे बघायला लागलो, तर टीचरांनी मला हाक मारून टोपापाशी बोलावलं. सगळ्यांदेखत त्यांनी डब्यातलं वाटप घातलं, ढवळलं, आणि वास घ्यायला डबा माझ्यापुढे धरला. ताट वाढल्यावर मी मार्कांच्या प्रश्नाची वाट बघत होतो, तो काही आला नाही. त्यांनी डब्यातला आणखी एक चमचा टोपात टाकला होता आणि तेवढ्याबद्दलच मला विचारत होत्या, "जास्त झाला काय रे? बाबाक वायच जास्तच लागता."