इटलीतली वाडी

इटलीला कामाला निघताना कशेळ्याच्या नाक्यावर मी जीपमध्ये बसले, तेव्हा आईने खिडकीतून हात घालून माझी ओढणी नीट केली. म्हणाली, "तिथं कुनापुढं दबून ऱ्हाऊ नको गं. आपून वाडीवरची मानसं, आपल्याला आवाज हाय." जीपमधले सगळे हसले. मला रडू येत होतं, तरी मीही हसले.

तुम्हा गावाकडच्यांना वाटतं मी समुद्राकाठी राहते. छे! आमचा प्रांत समुद्रकिनाऱ्याचा, पण तो नकाशात. इथे इटलीच्या या लिगुरिया प्रांतात डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. रेल्वे, हॉटेलं, प्रांताची सगळी कार्यालयं तिथंच. मी वर डोंगरात, ऑलिव्हच्या मळ्यांत, एका आजींची देखभाल करते. आपल्या रायगडासारखंच म्हणा ना. जिल्हा किनाऱ्याचा, मुख्यालय अलिबागला आणि आपला कर्जतवाल्यांचा एका सहीपायी अख्खा दिवस जातो.

इथे एवढ्याशा गावालाही स्वतःची पालिका असते. आमची पालिका आता खालच्या शहरात विलीन करायचं घाटतंय. मग आमचं गाव होणार 'फ्रात्सिओने'. त्यासाठी गावात सभा झाली. सभेला आलेले शहरातले साहेब म्हणाले, बदल फक्त नावात आहे, बाकी सगळं तसंच राहील. फ्रात्सिओने म्हणजे सरळ आपली वाडी. आणि वाडी म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये. नळ आणि डांबर सगळ्यांच्या मागून येतं, एसटी मात्र सगळ्यांच्या आधी बंद होते.

मी उभी राहिले. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये हेच सगळं सांगितलं. साहेब गोड हसून म्हणाले, "बाई, तुम्हाला इथे मत नाही."

"मत नाही, पण खाली जायची बस मलाही पकडावी लागते," मी म्हटलं. शेजारी बसलेल्या आमच्या आजींनी काठी आपटली, मग मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. साहेबांनी सभा पुढे ढकलली.

तुमच्यातले काही जण फोनवर विचारतात, परक्या गावासाठी कशाला भांडतेस? फार राग येतो मला. आईने तसं विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "ठरलं नाय ना अजून? मंग पुना जा."

जाणारच आहे. ज्या गावाची बस बंद होणार म्हटल्यावर माझं डोकं फिरतं, ते माझं गाव. अशी आता माझी दोन गावं आहेत आणि त्यातलं एकही मी सोडलेलं नाही.