वाकडा आठ

मोटार किरनापूरच्या स्टँडवर थांबली आणि कंडक्टर थेट आमच्या दारात आला. "बाई, बालाघाटले चला. तुमचे भाऊ गेले." हातांना कणीक तशीच होती. ती झटकून मी मोटारीत बसले. वाटभर रडू आलं नाही, नुसता संताप येत होता. महिना उलटून गेला, तरी तो संताप गेलेला नाही.

माझा मोठा भाऊ दिनकर मालगाडीच्या डब्यांवर नंबर रंगवायचा. नागपूरला दीक्षा घेऊन परतला, त्याच वर्षी त्याला बालाघाट स्टेशनात रंगाऱ्याचं काम लागलं. त्याआधी, पोरवयात, तो एका खाणीत मँगनीज फोडायचा. गाडी आली की लांबूनच सांगायचा, "हा डबा माया हातचा." एखादी बाई परक्या ताटात आपल्या हातचा पापड ओळखते ना, तसं. पुढे तोच हात थरथरू लागला. खाणीतली धूळ डोक्यात भिनली, असं डॉक्टर म्हणाले. हे थांबणार नाही, वाढतच जाणार, हेही त्यांनी तोंडावर सांगून टाकलं. ब्रश सुटला, कंदील पुसायचं काम आलं. त्याच्या एकेका डब्यावर दुसऱ्या कुणाचा हात फिरू लागला.

"मायं अक्षर आता कुठीच राह्यलं नाही, सुमन," एकदा तो मला म्हणाला. मग बाजारातल्या टिनवाल्याकडून त्यानं वीतवीतभर लांबीचे पत्र्याचे डबे करून घेतले… अगदी मालगाडीचे असतात तसे. स्वतः रंगवलेल्या खऱ्या डब्यांचेच नंबर त्याला त्यांवर हवे होते. पण हात असा, लिहिणार कसं? सायकलीच्या दांडीवर पाण्यानं छाप उतरवतात, ती युक्ती त्यानं उचलली. कागदाला डिंक फासायचा, वाळला की त्यावर रंगानं आकडे काढायचे, कापून पाण्यात भिजवायचे आणि अलगद पत्र्यावर सरकवायचे. एकच आकडा तो पुन्हा पुन्हा काढी, सरळ उतरलेला तेवढा ठेवी आणि बाकीचे चुलीत टाकी. "काहून इतका जीव काढून राह्यला तू?" मी चिडायचे. तो म्हणायचा, "कागदावर बिघडलं तं फेकता येते. वाकडा आकडा माया डब्यावर चढनार नाही."

छाप सहज सुटावा म्हणून त्यानं डिंकात साखर घातली. सकाळी बघतो तर मुंग्यांची रांग, आणि आकड्यांच्या कडा कुरतडलेल्या. "मालगाडी लुटली गेली तुमची," म्हणत वहिनी पोट धरून हसली. साखर काही त्यानं सोडली नाही. तेव्हा वहिनीनंच डबे मांडलेल्या स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

पोळ्याला मी त्याच्याकडे गेले, ती शेवटची भेट. दुखण्यानं त्याचा चेहराही लाकडासारखा झाला होता, हसला की रागावला काही कळायचं नाही. शेवटच्या डब्याला एक आठ तेवढा हवा होता. कागदभर आठच आठ काढून तो बसला होता. "पाह्य वं, यातला सरळ कोनता?"

एकही नव्हता. कुणाची कंबर मोडलेली, कुणाचं पोट कललेलं… मी एकावर बोट ठेवलं. "हा."

"नक्की?"

"हौ."

"बरं," तो म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, पण तिथं काही उमटलंच नाही.

त्याला पोचवून आलो, त्या दिवशी मी स्टुलाकडे पाहिलं. शेवटच्या डब्यावर तोच आठ बसलेला होता, कंबरेत मोडलेला. वहिनी म्हणाली, "तुमी गेल्या आन् त्याईनं तो लावला. माया हातून कपड्यानं दाबून घेतला."

"काही बोलला?"

"नाही. उरलेला कागद चुलीत टाकला आन् झोपले. मंग कागद मागितलाच नाही."

त्यानं माझं खरं मानलं, की माझं खोटं ओळखलं आणि हात टेकले? हे आता मला कोण सांगणार? जन्मभर त्यानं एक वाकडा आकडा चढू दिला नाही, आणि जगात त्याच्या हातचं जे उरलंय, त्याच्या शेवटी हा आठ आहे.

परवा पुन्हा जाऊन आले. वहिनी वाट्यांत पाणी भरत होती. तेवढा एक आठ मुंग्यांनी खाऊन टाकला तर बरं, असं मला फार वाटतं… पण वहिनी वाट्या कोरड्या पडू देत नाही.