डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

गाडी सुरू केली की समोर घसरत्या गाडीचं चित्र असलेला छोटा पिवळा दिवा लागतो आणि क्षणात विझतो. तो दिसला की मला थोरला भाऊ आठवतो. डिचोलीतली खाण बंद पडल्यावर ट्रक सोडून तो मांद्र्यातल्या एका हॉटेलमालकाची स्पोर्ट्स कार चालवू लागला होता. "पाय नुसतो लावलो तरी उडता," तो घरी कौतुकानं सांगायचा, "पण घसराक लागली की आपणच सावरता." त्याची शेवटची फेरी मी पोलीस चौकीत, मालकानं गाडीत बसून मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत पाहिली. हळर्णच्या वाटेवर ओली तांबडी माती पसरलेली. शेजारी बसलेल्या मालकाचं अंगठीवालं बोट एक बटण दाबून धरतं आणि गाडीचं आपोआप सावरणं बंद झाल्याचा तो पिवळा दिवा लागतो. "पात्रांव, ता बंद करू नकात, रस्तो निसरडो आसा," भाऊ मालकाला म्हणतो. "ट्रक हाकायचास ना? मग दाब की पाय!" मालक हसतो. पगार देणाऱ्याचं भावानं ऐकलं, आणि वळणावर गाडी आडवी होऊन माडावर आदळली. मालक वाचला. कागदावर चूक ड्रायव्हरची लागली. आजही तो दिवा विझेपर्यंत मी गाडी जागची हलवत नाही. व्हिडिओत तो शेवटपर्यंत जळत होता.