बिराजदार साहेबांचं ‘ओव्हरसेट’

दुष्काळात विहिरी आटतात, किस्से आटत नाहीत. लातूर जिल्हा नवा झाला, आमचं टंचाईचं ऑफिस भाड्याच्या खोल्यांत बसलं आणि पाण्यापेक्षा किस्सेच जास्त साठले. त्यातले निम्मे बिराजदार साहेबांचे.

साहेब निलंग्याचे, इंग्रजीचे भारी शौकीन. टँकर पलटी झाला की रिपोर्टात लिहायचे ‘ओव्हरसेट’. म्हणायचे, “जुना शब्द आहे. नाव उलटली तरी ओव्हरसेट, राज्य उलथलं तरी ओव्हरसेट, माणसाचं मन बिघडलं तरी तेच.”

“नावेचं सोडा साहेब,” आमचा शिपाई म्हणाला. “नाव उलटायला आधी पाणी तर पाहिजे.”

*

शब्द ऑफिसात रुळला. चहा सांडला, ओव्हरसेट. नांदेडला ठरलेली माझी सोयरीक मोडली, तेव्हा साहेबांनी खांद्यावर हात ठेवून तोच शब्द वापरला. वाईट वाटतच होतं, तरी मला हसू आलं.

*

रेणापूरकडच्या एका गावात टँकरच्या रांगेत एक घागर पालथी होती. साहेबांनी ‘ओव्हरसेट’ म्हणत ती सुलटी केली. घागरीची मालकीण गोदाबाई तरातरा आली.

“ऱ्हाऊ द्या की साहेब! पालथी म्हंजी आज माझं पाणी नगं, पुढचीला द्या. लेकीकडं निघाले मी.”

साहेबांनी मुकाट्यानं घागर परत पालथी घातली.

*

पुढं त्याच गावच्या वळणावर आमच्या ड्रायव्हर बाबूभाईनं भरलेला टँकर पलटी केला. आडवी आली होती गोदाबाईची शेळी. वरून हुकूम आला, ड्रायव्हर बदला, चौकशी करा. बाबूभाईच्या नोकरीवरच बेतलं.

“एका शेळीसाठी एवढं पाणी सांडलंत?” साहेबांनी विचारलं.

“साब, पानी कल बी आता. बकरी कल नहीं आती.”

साहेबांना ते पटलं होतं. पण रिपोर्टात लिहायचं कसं?

चौकशीला आम्ही नव्या ड्रायव्हरच्या टँकरमधूनच गेलो. त्या पलटीनंतर गावात थेंब पोचला नव्हता. रांग देवळापासून वेशीपर्यंत लागलेली, आणि सगळ्या घागरी पालथ्या.

“अहो, पाणी घ्या की,” साहेब म्हणाले.

“बाबूभाईला आणू द्या, मग घेऊ,” गोदाबाई म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. शेळी तिच्या पायाशी उभी होती.

साहेबांनी रिपोर्टासाठी पेन काढलं, परत खिशात ठेवलं. मग पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढला, त्यातलं पाणी शेळीला पाजलं, आणि तांब्या रांगेच्या शेवटी पालथा ठेवला.